शेजारच्या काकांचं मॅग्नम

मुंबईच्या सगळ्या उपनगरांत मिळून एवढ्या बंदुका हाताळलेला आणि तरी एवढा निरुपद्रवी राहिलेला दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी लिहून देतो. आणि हेही लिहून देतो की आयुष्यात मी कुणावर जळलो असेन तर या एकाच माणसावर. मालकांचा मी द्वेष केला, पुढाऱ्यांचा तिटकारा केला, पण ती तत्त्वाची बाब होती. काकांवर जळणं ही पोटातली बाब होती. घाटकोपरला भटवाडीत टेकडीला टेकून आमची बैठी चाळ, आणि चाळीत आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे ते शिंकले तर अलीकडे माझी आई "सावकाश" म्हणायची. फोर्टातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात ते सत्तावीस वर्षं काउंटरवर उभे होते. चाळ त्यांना काडतूसकाका म्हणायची. मी तोंडावर काका म्हणायचो आणि वहीत 'शस्त्रव्यापाऱ्यांचा हस्तक' असं लिहायचो. वीस वर्षांचा होतो, वहीत कुणाला काय म्हणायचं यावर कुणाचं बंधन नव्हतं.

त्यांनी जन्मात एकदाही बंदूक उडवली नव्हती. कुणी टोचून विचारलं की म्हणायचे, "मिठाईवाल्याला मधुमेह झाला तर तो दुकान बंद करतो का?" दिवाळीत पहिला फटाका वाजला की हे कानात कापूस घालून आतल्या मोरीपाशी जाऊन बसत. मुलं दारात येऊन हसायची, तर आतूनच सांगायचे, "आवाज माझ्या खात्यात येत नाही. माझं खातं आवाजापर्यंतचं." चष्म्याच्या घरात त्यांनी चष्मा कधी ठेवला नाही, त्यात व्हर्नियर असायचा, ती पोलादी सरकती मोजपट्टी, आणि तिने ते जगातली कुठलीही वस्तू मोजायचे. गणपतीतल्या कॅरमच्या स्पर्धेत त्यांनी फायनलच्या आधी सगळ्या सोंगट्या मोजल्या, दोन काळ्या बाद केल्या, आणि नव्या सोंगट्या असल्फ्याहून येईपर्यंत अख्खी चाळ तासभर ताटकळली. कुणी ब्र काढला नाही. मी त्याच मांडवात महागाईवर दहा मिनिटं बोललो होतो, तर चौथ्या मिनिटाला मागून आवाज आला होता, "ए, आटप ना रे." काडतुसात छर्रे आणि दारू यांच्यामध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती घालतात. खराब झालेल्या असल्या चकत्या ते खिशातून आणायचे आणि चाळीतल्या एकूण एक डगमगत्या टेबलाखाली, पलंगाखाली, मिक्सरखाली सरकवायचे. मी क्रांतीवर लिहीत बसायचो ते टेबलसुद्धा त्यांच्याच चकतीवर स्थिर उभं होतं. ते मला माहीत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं.

माझी आई कुणाच्या कौतुकाला भुलणारी बाई नव्हे. पण एकदा काका आमच्याकडे जेवायला असताना त्यांनी भाकरी व्हर्नियरमध्ये धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, कडेला साडेतीन मिलीमीटर, मध्ये चार. कारखान्यात एवढी एकसारखी वस्तू निघत नाही." त्या दिवसापासून त्यांच्या ताटात पहिली भाकरी जायला लागली आणि मला तिसरी.

पण आईचं मी सोडून दिलं असतं. माझं दुखणं वडील होते. वडील मूळचे कोकणातले, परळच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. ठाणच्या ठाण कापड डोळ्यांखालून घालायचं, दोष दिसला की खडूने खूण करायची, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं. मग संप आला. संपाच्या दुसऱ्या वर्षी मी आमच्या अभ्यासवर्तुळातर्फे एक पत्रक काढलं. त्यात एक वाक्य होतं, आजही माझ्या कानात वाजतं: 'जे गेटवर नावं नोंदवायला उभे राहतात, ते कामगार नव्हेत, ते गद्दार आहेत.' पत्रक मी सायनपासून मुलुंडपर्यंत वाटलं. वाटून घरी आलो तेव्हा आईने सांगितलं की मागच्याच आठवड्यात वडील घरात कुणालाही न सांगता, परत कामावर घ्या म्हणून, गेटवर उभे राहून आले होते. गिरणीने त्यांना परत घेतलं नव्हतंच. त्या पत्रकाची एक प्रत त्यांनी देवाच्या फळीवर नीट घडी करून ठेवली होती. वडिलांनी मला एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे वर्षभर नाही. पुढे मुलुंडच्या एका सोसायटीत पाण्याचा पंप चालू-बंद करायचं काम त्यांना मिळालं. ते सकाळी जायचे, दुपारी यायचे, जेवायचे, आणि पाचच्या चहाला काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आणि तिथे ते बोलायचे. भिंतीला कान न लावताही मला ऐकू यायचं. वर्षभर मी माझ्या वडिलांचा आवाज भिंतीपलीकडून, दुसऱ्या माणसाशी बोलताना ऐकला.

रविवारी पाचला आमचं अभ्यासवर्तुळ आमच्याच ओट्यावर भरायचं. सहा जण असायचे. त्यातला मिलिंद तेवढा खरा, बाकीचे चहासाठी. ज्या रविवारची गोष्ट सांगतो त्याच्या आदल्या दिवशी चाळीत भाड्याचा व्हिडिओ आणून कुठलातरी इंग्रजी मारामारीचा सिनेमा लावला होता आणि 'मॅग्नम' हा शब्द पोरांच्या तोंडी बसला होता. मी वरकड मूल्याच्या तिसऱ्या मुद्द्यावर होतो. तेवढ्यात त्या सहांतला दिन्या काकांच्या ओट्याकडे तोंड करून म्हणाला, "काका, मॅग्नम म्हणजे बारकी तोफच ना?" काकांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांनी नुसती बशी खाली ठेवली आणि माझ्यासमोरचे पाच जण उठून गेले. मिलिंद बसला, पण मान तिकडेच. वडील आधीपासून तिथेच होते.

"तोफ नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू असायचा की ऐकायला पुढे सरकावंच लागायचं. "गोळीची जाडी तीच. नळी तीच. आपल्या चाळीत प्रत्येकाची खोली दहा बाय बारा. बरोबर? मग शिंदेंनी काय केलं? पुढच्या ओट्यावर पत्रा टाकून खोली अडीच फूट पुढे ओढली. रुंदी वाढली का?"

"कुठून वाढणार?" दिन्या म्हणाला. "दोन्हीकडे भिंती."

"दार मोठं झालं का?"

"नाय."

"पण माणसं जास्त मावली. आणि त्याच दारातून आता सकाळी एकदम बाहेर पडतात तेव्हा गल्लीत धक्काबुक्की होते. ते शिंदे म्हणजे मॅग्नम." चाळ खदखदून हसली, खुद्द शिंदे सगळ्यात मोठ्याने. "जाडी तीच, कवच जरा लांब किंवा दणकट, आत दारू जास्त. म्हणून जोर जास्त, धक्का जास्त. रिव्हॉल्व्हरचं अडतीसचं काडतूस घ्या आणि तीनशे सत्तावन्न मॅग्नम घ्या. गोळी जवळजवळ एकाच जाडीची. कवच तेवढं इंचाच्या आठव्या भागाने लांब केलंय. का? तर नवं काडतूस चुकून जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. लांब खाट आखूड खोलीत मावत नाही. आखूड खाट लांब खोलीत मावते, तशी अडतीसची गोळी नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये खुशाल चालते."

"म्हणजे मॅग्नम म्हणजे एक नंबर माल," दिन्या म्हणाला.

"ती पदवी नाही रे. त्याची कुठे परीक्षा नसते, ठरलेलं मापही नसतं. त्याच जाडीच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दम भरला की बनवणारा ते नाव लावतो. नाव न लावलेली कितीतरी काडतुसं मॅग्नमला भारी आहेत. विलायतेत शँपेनची नेहमीच्या दुपटीची बाटली असते, तिला मॅग्नम म्हणतात. तिथून उचललेलं नाव."

वडिलांनी मान वर केली. "म्हणजे पिवच्या दारूचा नाव उडवच्या दारूक लावल्यानी," ते म्हणाले, आणि हसले. संपानंतर पहिल्यांदा हसले. आई आतून हातातला पळा घेऊन दारापर्यंत आली. मी माझ्या रिकाम्या ओट्यावर तिसरा मुद्दा बोटात धरून बसलो होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या माणसाचा व्हर्नियर गटारात फेकावासा वाटला. वर्षभर मी त्या हसण्यासाठी काय काय केलं होतं. त्यांच्या आवडीचे सुके बांगडे आणले, पंपाच्या कामावर त्यांच्याऐवजी गेलो, एकदा तर जाहीर सभेत 'माझे वडील' म्हणून डोळ्यांत पाणी आणून बोललो, आणि ते सभेला आलेच नाहीत. आणि याने दारूच्या बाटलीवर ते मिळवलं.

मी उठून तिकडे गेलो आणि शस्त्रांच्या बाजारावर बोललो. कुणाच्या जिवावर कोण गोळ्या विकतो, कुणाच्या छातीसाठी विकतो, सगळं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे तुझा. जरा आवाज खाली घेऊन बोल, लोक पुढे सरकतील." त्यांनी हे मनापासून सांगितलं होतं. म्हणूनच मी त्यांना आठवडाभर माफ केलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने मिलिंदच्या मोठ्या भावाला भांडुपला त्याच्या कारखान्याच्या गेटवर लागलं. दोन महिन्यांचं काम देऊन काढून टाकलेले चाळीसेक कामगार गेटवर बसले होते. मालकाच्या दरवानाने दुनळी बंदूक उडवली. मालक म्हणाला, दरवानाने हवेत नुसता आवाज काढला, माणसाला पडून लागलंय. मिलिंदने गेटजवळच्या गवतातून एक रिकामं काडतूस उचलून आणलं होतं, ते त्याने माझ्या हातात दिलं. "आता तू लिही," तो म्हणाला. "असं लिही की हलले पाहिजेत साले." मी एका बैठकीत लिहिलं. लिहिताना त्या रिकाम्या कवचाकडे पाहत होतो आणि हाताशी एक शब्द आयता होता. मी लिहिलं: 'निःशस्त्र कामगारांवर मॅग्नम गोळ्यांचा वर्षाव.' त्या ओळीचं मथळ्यात रूपांतर करायला मला अर्धा सेकंद लागला. छापखानेवाल्याने दोन हजार प्रती सकाळपर्यंत दिल्या. गठ्ठे ओट्यावर उतरवले तेव्हा काका कामावर निघाले होते. त्यांनी वरची प्रत उचलली, वाचली, आणि कामावर गेले नाहीत.

"काडतूस दाखव," म्हणाले.

मी दिलं. त्यांनी आधी पितळी बुडावरची अक्षरं वाचली, मग चष्म्याच्या घरातून व्हर्नियर काढला. "पासष्ट मिलीमीटर. म्हणजे अडीच इंची. बाराच्या बंदुकीचं मॅग्नम तीन इंची असतं, शहात्तर. हे रोजचं साधं काडतूस आहे, शेतातली डुकरं हाकलायला कोकणात नेतात ते. मिलिंद, डॉक्टरने भावाच्या मांडीतून काय काढलं?"

"छर्रे. सात."

"मग गोळी कुठून आली? 'मॅग्नम' काढ. 'गोळ्या' काढ. 'सात छर्रे' लिही."

"सात छर्रे वाचून कोण पेटणार आहे?" मी म्हणालो.

"पेटायचं नंतर बघ. मालकाचा वकील तुझी ही एक ओळ कोर्टात वाचेल आणि विचारेल, दरवानाच्या बंदुकीत मॅग्नम चालतं का? चालत नाही. त्या बंदुकीत तीन इंची काडतूस शिरतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. पण उडवल्यावर ते तोंड उलगडायला पुढे जागा नसते, आणि बंदूक उडवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. दरवानाचे दोन्ही हात शाबूत आहेत. म्हणजे तुझं मॅग्नम खोटं ठरलं. मग छर्रे खोटे, मांडी खोटी, मिलिंदचा भाऊ खोटा. आतमध्ये गेलं म्हणून ते चालतं असं नसतं रे लेखका."

"तुम्हाला मालकांचीच काळजी. गिऱ्हाईकं ना तुमची."

मिलिंदने माझ्या दंडाला धरलं. काकांनी फक्त मान हलवली. "हे गिऱ्हाईक आमचंच," ते म्हणाले. "हा डबा मीच दिलाय. पावती मीच फाडली. पंचवीस काडतुसं, पासष्ट मिलीमीटर. वकील सांगतील तिथे येऊन मी हे सांगेन."

मी काय करायला हवं होतं ते आज वाचणाऱ्याला दिसतं आहे. मी तसं केलं नाही. गठ्ठे तिथेच टाकून मी मिलिंदबरोबर त्याच्या भावाला बघायला निघून गेलो, आणि बसमध्ये सबंध रस्ता काकांच्या विरोधात मनातल्या मनात एक पत्रक रचलं. भाऊ खाटेवर पडून होता. त्याने विचारलं, "पत्रकात काय लिवलंय?" मी ती ओळ त्याला म्हणून दाखवली. तो म्हणाला, "गोळी नव्हती पण. छर्रेच होते. मला लागले ना, मला म्हाईत आहे."

दुपारी परत आलो तर काकांच्या ओट्यावर चटई घातली होती. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला वडील. मध्ये शाईची दौत. वडील गुडघ्यावर फळी घेऊन एकेक पत्रक समोर ओढत होते, टाकाने मथळ्यातले दोन शब्द खोडत होते, वर नीट अक्षरात 'सात छर्रे' लिहीत होते आणि 'वर्षाव'वर फक्त एक आडवी रेघ मारत होते. फोल्डिंग खात्यात ठाण सरकवावं तसा डावा हात कागद पुढे सरकवत होता. डोळे दोषावर. एकही ओळ वाकडी नाही. खोडलेल्या प्रतींचा ढीग मी मोजला नाही, पण हजाराच्या वर होता. म्हणजे माझ्या वडिलांनी माझं पत्रक त्या दिवसात हजार वेळा डोळ्यांखालून घातलं होतं. आणि ते काकांच्या शेजारी बसून घातलं होतं, माझ्या शेजारी नाही. त्या क्षणी माझ्यात पश्चात्ताप किती होता आणि मत्सर किती, हे काकांच्या व्हर्नियरनेही सांगता आलं नसतं.

वडिलांनी वर न बघता जागा केली. "बस हयसर," म्हणाले. "पाचशे तुझ्या वाटणीचे."

वर्षभरानंतर मला मिळालेले ते पहिले शब्द. मी बसलो. काकांनी टाक माझ्याकडे सरकवला आणि स्वतः उठून आत चहा टाकायला गेले. त्यांना चहा येत नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो पाऊण तास केला. बरेच कागद झाल्यावर वडील म्हणाले, "ह्यां 'सर्वहारा' म्हणजे आपणच मां?"

"हो."

"मग तसां लिव."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती पत्रकं वाटली. खोडलेली, दुरुस्त केलेली, शाईचे डाग असलेली. लोक थांबून वाचत होते. खोडलेल्या शब्दाखाली काय होतं ते बघायला कागद उजेडात धरत होते. माझं कुठलंही पत्रक तेवढं वाचलं गेलं नाही. काका खरंच वकिलाकडे गेले आणि काडतुसाची सगळी हकिगत स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. मिलिंदच्या भावाला परत कामावर घेतलं, दरवानाला हटवलं. आणि फोर्टातल्या सेठने काकांना काउंटरवरून उठवून मागच्या खोलीत डबे मोजायला बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. ती त्यांनी तिथे काढली. ज्या धाडसाबद्दल मी सायन ते मुलुंड पत्रकं वाटली, ते धाडस या माणसाने एकही विशेषण न वापरता केलं, आणि संध्याकाळी येऊन आईची भाकरी मोजली. आता सांगा, जळायचं नाही तर काय करायचं.

गेल्या वर्षी ते नाशिकला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या खोलीत एक जोडपं आलं आहे, चांगलं आहे, भिंतीपलीकडे रेडिओ लावतं. वडील पाच वाजता चहा घेऊन आमच्याच ओट्यावर बसतात. माझ्याशी बोलतात, नाही असं नाही. रॉकेल आलंय का विचारतात, गावच्या घराचं कौल फुटल्याचं सांगतात, माझ्या लिहिण्यातला एखादा जड शब्द बोटाने दाखवतात. बापाने मुलाशी बोलावं तसं सगळं बोलतात. पण काकांच्या ओट्यावर ते ज्या आवाजात बोलायचे, मध्येच हसायचे, तो आवाज मी अजून या भिंतीच्या अलीकडे ऐकलेला नाही. मला वाटायचं, काका गेले की तो आपोआप माझ्या वाट्याला येईल. तो काकांबरोबर नाशिकला गेला.

गेल्या रविवारी वडिलांनी मला पोस्टकार्ड आणायला सांगितलं आणि समोर बसवून मजकूर सांगितला. त्यांचे हात आता थरथरतात. गुडघा, पाण्याची वेळ, शिंदेंच्या मुलीचं ठरलेलं लग्न, आंब्याला या वर्षी मोहर किती. काय लिहायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मी एकही शब्द पदरचा घातला नाही. खाली दोन बोटं जागा उरली. मी विचारलं, "माझ्याकडून काही लिहू का त्यांना?"

वडिलांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, शाई वाळावी म्हणून हळूच हलवलं. "तुझां तू वेगळां लिव," म्हणाले. "ह्यां माझां पत्र आसा."

मी दुसरं कार्ड आणलं आहे. पत्ता लिहून झाला आहे.